इरफानच्या कमरेचा चाकू

आमच्या कुडाळच्या बाजूला माणूस बागेत निघाला की कमरेला मागच्या अंगाला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. मग त्याच कोयत्यासकट तो चहाच्या टपरीवर बसतो, दुकानात साखर आणायला जातो, वाटेत कुणाचं लग्नाचं बोलणं चाललं असेल तर तिथंही दोन शब्द टाकतो. कुणी वळून बघत नाही. मी हे बघतच मोठा झालो. म्हणून बीडच्या डोंगरात फिरायला निघताना कमरेला चाकू लावला, तेव्हा त्यात काही विशेष आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

चाकू इरफानने केलेला. इरफान फिटरचे वर्ग घ्यायचा आणि मी वेल्डिंगचे. रत्नागिरीच्या बाजूला एकाच आयटीआयमध्ये आमची अर्धी हयात गेली. मी निवृत्त झालो तेव्हा त्याने ट्रकच्या पोलादी स्प्रिंगचा, कमानपट्ट्याचा, तुकडा घासून घासून हा चाकू बनवला. पातं मिटत नाही, वीतभराहून थोडं कमीच, आणि शिसवीची मूठ नेमकी माझ्या पंजाच्या मापाची. चामड्याचं म्यानही त्याने स्वतः बसून शिवून घेतलं होतं. वर्षभरात तोही निवृत्त झाला आणि म्हणाला, "चल, आता माझा मुलूख बघ. तुमच्या कोकणात डोंगर झाडाखाली झाकलेला असतो, दिसतच न्हाई. आमच्याकडं उघडा डोंगर हाय."

इरफान मूळचा बीडचा. नोकरीसाठी तरुणपणी बाहेर पडला तो लग्नकार्य आणि ईद एवढ्यापुरताच परत जायचा. लहानपणी मामांबरोबर जे डोंगर तुडवले ते पुन्हा एकदा तंबू घेऊन तुडवायचे, पाली, लिंबागणेश करत शेवटी धारूरचा किल्ला बघायचा, असं आमचं ठरलं. दिवाळी नुकतीच झाली होती.

बीड

इरफानची मोठी बहीण रुखसाना आपा बीडमध्ये राहते. तिच्या घरी सकाळी खिचडी-खट्टा होता. मसूर घातलेली पिवळी खिचडी, सोबत खिमा, आणि चिंच, तीळ, शेंगदाणे वाटून केलेला पातळ आंबट खट्टा. आमच्याकडे जिथे नारळ पडतो तिथे इथे शेंगदाणा पडतो, हे मला पुढे रोजच्या रोज कळणार होतं. मी तिसऱ्यांदा खिचडी घेतली आणि उठून पट्ट्यावरचं म्यान नीट करू लागलो, तेव्हा आपाचं लक्ष तिकडे गेलं.

"भाईसाब, एक बोलू का? राग येऊ देऊ नका. ते कमरेचं बॅगेत ठेवा."

"का हो आपा?"

"तुमच्याकडं चालत असंल. इथं आता पोरं हत्यारं घेऊन मोबाइलवर फोटो टाकतात आन् मग पोलीस त्यांना शोधत फिरतात. लोकांचे डोळे बदललेत."

इरफान मध्येच म्हणाला, "आपा, बॅगेत ठेवला तर लपवून आणला म्हणतील. कमरेला असला तर सगळ्यांना दिसतो तरी."

"मग तू लाव ना."

इरफान ताटातला खट्टा बोटाने फिरवत राहिला. "मी न्हाई लावणार," तो म्हणाला. "सावंतच्याच कमरेला ठीक हाय."

मी हसलो. स्वतः केलेला चाकू आणि स्वतःच घाबरतोस, असंही काहीतरी बोललो. ते दोघं हसले नाहीत. आपाने विषय बदलला आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली. निघताना मात्र तिने इरफानचा हात बराच वेळ सोडला नाही. पाच-सहा दिवसांच्या भटकंतीला एवढा निरोप कशाला, असं मला वाटून गेलं.

पाली

पालीला बिंदुसरेचं धरण भरलेलं होतं. सांडव्यावरून पाण्याचा पातळ पडदा उतरत होता आणि खालच्या खडकावर बगळे एका ओळीत बसले होते. इरफान बूट काढून पाण्यात पाय सोडून बसला आणि त्याने उठायचंच नाव घेतलं नाही. "इथं पोहायला शिकलो मी," एवढंच म्हणाला.

दुपारनंतर आम्ही धरणाच्या मागच्या डोंगराला लागलो. हे डोंगर आमच्या सह्याद्रीसारखे अंगावर येत नाहीत. खालून टेकडी वाटते, वर गेलं की सपाट माळ लागतो आणि माळाच्या पलीकडे पुन्हा तसाच माळ. पाऊस सरला होता, गवत पिवळं पडलं होतं आणि कुसळं मोज्यात शिरून पावलापावलाला टोचत होती. उतारावर जिकडे तिकडे सीताफळाची झुडपं. फळं डोळे उघडून पिकलेली. हाताने फोडायची, खायची, बिया थुंकत पुढे चालायचं. तेवढ्यात माझं पोट भरलं.

तंबू लावायला म्हणून एका शेताच्या बांधावर थांबलो. मालक कापूस वेचत होता. भीमराव त्याचं नाव. परवानगी विचारली तर म्हणाला, "ऱ्हा की. पर हितं कावून? घरी चला, खाट हाय."

"तंबूत राहायचंय," इरफान म्हणाला.

"घर असताना?" भीमरावला ते काही पटलं नाही. मग त्याचं लक्ष माझ्या कमरेकडे गेलं. "आन् ह्ये काय? बिबट्या मारायचा हाय व्हय?"

"नाही हो. दोरी कापायला, काटक्या फोडायला."

"मंग कुऱ्हाड आणायची न्हाई का!"

त्याने चाकू मागून घेतला, अंगठ्याच्या नखावर धार बघितली आणि शेतातलं शेवटचं उरलेलं वाळूक आणून त्याच चाकूने त्याच्या फोडी केल्या. वाळूक म्हणजे काकडी आणि खरबूज यांच्या मधलं काहीतरी. मीठ लावलं की इतकं गार लागतं की चालून आलेला शीण निघून जातो.

"बेस हाय. कुणी केला?"

मी इरफानकडे बोट केलं.

"आन् लावतेत हे? तुमी कावून लावत न्हाई?"

"पोट सुटलंय माझं," इरफान म्हणाला. "टोचतो."

भीमराव मोठ्याने हसला आणि पुन्हा कापसात शिरला.

तंबूच्या खुंट्या काही जमिनीत जाईनात. वरती बोटभर माती आणि खाली खडक. शेवटी दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. भाताला पाणी कमी पडलं, तो खालून करपला, वरून कच्चा राहिला. आपाची चटणी होती म्हणून तो गेला घशाखाली. जेवता जेवता मी इरफानला पुन्हा छेडलं, तेव्हा तो सरळच बोलला.

"सावंत, तू चाकू लावलास तर लोक चाकूकडं बघतात. कुठून आणला, काय करता, धार कशीये. मी लावला तर माझ्याकडं बघतात. नाव विचारतात. नाव सांगितलं की मग चाकूचं काहीच विचारत न्हाईत."

एवढ्या वर्षांत आम्ही वर्कशॉपमध्ये डोकी एकत्र करून काम केलं होतं, पण हे वाक्य त्याने माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. किंवा मी ते उच्चारण्यासारखी जागाच कधी ठेवली नव्हती.

लिंबागणेश आणि पुढे

माळावरून पवनचक्क्यांची रांग दिवसभर सोबतीला होती. लांबून त्या संथ वाटतात, जवळ गेलं की पात्यांचा घोंघाट अंगावर येतो. त्यांच्या पायाशी मेंढरं निवांत चरत होती. एका ओढ्याकाठी मोर आमच्या इतक्या जवळून चालत गेला की दोघंही श्वास रोखून उभे राहिलो.

लिंबागणेशला देवळात जाताना मी चाकू सॅकमध्ये घातला. इरफान सॅक सांभाळत झाडाखाली बसला आणि मी दर्शन घेऊन येईपर्यंत त्याने दोन चहा आणि हॉटेलवाल्याची अर्धी कुंडली गोळा केली होती. हॉटेलवाल्याचा चुलता आणि इरफानचा मामा एकाच गॅरेजमध्ये कामाला होते असं निघालं. आम्हाला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. आपाची काळजी उगाचच होती असं मी मनात ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावाजवळ आलो. त्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. जे झालं ते कुठेही झालं असतं. गावाच्या वर टेकाडावर देवीचं छोटं देऊळ होतं. वर जावं असं मला वाटलं. सॅक पाठीवरून उतरवून खाली ठेवल्या होत्या, चाकू आत ठेवायला पुन्हा दोऱ्या सोडायचा कंटाळा आला. मी चामड्याचा पट्टा चाकूसकट सोडला, इरफानच्या हातात दिला आणि पायऱ्या चढून गेलो.

देवळात मी पाच-दहा मिनिटं असेन. खाली येताना पायऱ्यांवरूनच दिसलं की इरफानभोवती माणसं उभी आहेत. तो दगडावर बसला होता, पट्टा मांडीवर तसाच, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले. एवढा स्थिर बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. एक पंचविशीचा तरुण मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून होता.

"देवीच्या दारात चाकू घेऊन कावून बसलाव?"

"मित्राचा आहे. तो वर गेलाय दर्शनाला."

"नाव काय सांगितलं?"

"इरफान."

"पूर्ण सांगा की. आन् गाव?"

"बीड."

"खरं सांगा."

मी पायऱ्या उतरून धावतच आलो. "माझा आहे तो चाकू! मीच दिला त्याच्याकडे!"

तरुणाने मोबाइल माझ्याकडे वळवला. "तुमचा हाय तर ह्यांच्या हातात कावून?"

मी सांगितलं, पण माझं बोलणं मलाच लंगडं वाटत होतं. आम्ही मित्र आहोत, फिरायला आलोय, तंबूत राहतो. दोन साठीला आलेली, एकमेकांचे कोणी नात्याचे नसलेली माणसं डोंगरात तंबूत राहतात, हे ऐकून चेहरे आणखीच आखडले. कुणीतरी म्हणालं, "पाठव बे ग्रुपवर, बाकीच्या गावांना कळू दे." त्या तरुणाचा अंगठा हलला. मला ते दिसलं आणि काही करता आलं नाही.

मागून एक बाई लगबगीने आल्या. पदर कमरेला खोचलेला, साडीला कापसाचे पुंजके चिकटलेले. शेतातून तशाच उठून आल्या होत्या. "सरा बरं बाजूला. संदीप, खाली घे ते." त्या गावच्या पोलीस पाटील होत्या, मंगलताई.

त्यांनी आमची आधार कार्डं बघितली. पोलीस ठाण्याला फोन लावला, आमची नावं वाचून दाखवली, पलीकडचं ऐकून घेतलं. मग चाकू म्यानातून काढून पात्यावर वीत टेकवली. "वीतभर बी न्हाई," त्या फोनवर म्हणाल्या. "व्हय, स्वयंपाकाला, काटक्या फोडायला म्हणतेत. तंबू हाय संग." फोन ठेवून त्यांनी चाकू पुन्हा म्यानात सरकवला आणि इरफानच्या हातात दिला. माझ्या नव्हे. ते मी नीट पाहिलं.

"ह्यात कायद्याचं काही न्हाई. जा समदे आपापल्या घरी."

लोक पांगले. संदीप नावाचा तो तरुणही गेला. पण तेवढ्यात इरफानचा फोन वाजला. आपा होती. तिच्या ओरडण्याचा आवाज मला बाजूलाही येत होता. व्हिडिओ बीडला पोचला होता. इरफानचा चेहरा, मांडीवर चाकू आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'देवळाजवळ चाकू घेऊन बसलेला संशयित, सावध राहा.' मी व्हिडिओत कुठेच नव्हतो. मी धावत आलो तो भाग कापूनच तो पाठवला होता.

इरफानने फोन खिशात ठेवला आणि सॅक उचलली. "सावंत, मी घरी जातो. तू किल्ला बघून ये."

"आज कुठं जाऊ नका," मंगलताई म्हणाल्या. "गाडी न्हाई आता. आन् डोंगरात तर बिलकुल न्हाई. बाजूच्या गावातलं कुणी व्हिडिओ बघून काठ्या घेऊन आलं तर मी कुणाकुणाला सांगू? माझ्या घरी चला."

मंगलताईंचं घर

त्यांचे यजमान दत्ताभाऊ फारसं बोलणारे नव्हते. त्यांनी ओसरीवर घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हैस पिळायला गेले. मंगलताईंनी भाकरी थापल्या, येसराची आमटी केली. येसर म्हणजे भाजलेल्या डाळींचं आणि काळ्या मसाल्याचं पीठ. ते घालून झालेली आमटी दाट आणि खमंग असते. आमच्याकडे पाहुणा आला की मासळीसाठी धावाधाव होते, इथे पाहुण्याला येसर. मी वाटीवर वाटी घेतली. इरफानने भाकरीचा चतकोर कसाबसा संपवला.

"दादा, जेवा की," मंगलताई त्याला म्हणाल्या. "तिखट झालं का?"

"न्हाई ताई. छान हाय."

मग थोड्या वेळाने तो आपणहून बोलू लागला. "हे माझंच गाव हाय ना ताई. म्हणजे जिल्हा. बाहेर मी सगळ्यांना सांगत असतो, आमचं बीड असं, आमचे डोंगर तसे. वर्गात कोकणातल्या पोरांना किती वेळा सांगितलं असंल. आन् आज मला माझ्याच डोंगरात एक माणूस गाव विचारतो. मी बीड सांगितलं, तर म्हणतो, खरं सांगा."

दत्ताभाऊ दारात उभे होते. ते आत गेले आणि वाटीभर तूप आणून त्यांनी इरफानच्या भाकरीवर ओतलं.

सकाळी चहा झाल्यावर मंगलताईंनी सांगितलं, "दोन वाटा हायेत. मागच्या शिवारातून गेलात तर सरळ डांबरी रस्त्याला लागता, गावात कुणाला दिसणार बी न्हाई. दुसरी गावातून, समद्यांच्या दारावरून. तिकडून जायचं तर मी येते संग."

मी म्हटलं, "मागूनच जाऊ. उगाच कशाला." आणि चाकू सॅकच्या तळाशी कोंबायला घेतला.

"थांबा," मंगलताई म्हणाल्या. "माझं ऐका. न ऐकलं तरी चालंल. काल लोकांनी ह्यांच्या मांडीवर चाकू बघितला. आज तुमी मागच्या वाटेनं गेलात तर म्हणतील, होतंच काहीतरी. दिवसाढवळ्या कमरेला लावून गेलात, चार लोकांशी बोललात, तर बघतील की माणूस हाय."

"मी लावतो कमरेला," मी म्हणालो.

"तुमी न्हाई. तुमचं कुणी काही म्हणलंच न्हाई." त्यांनी इरफानकडे बघितलं. "पर हे ज्याचं त्यानं ठरवायचं. माझा जोर न्हाई."

इरफान बराच वेळ ओसरीच्या खांबाला टेकून बसला. कोंबड्या त्याच्या बुटाशी टोचे मारत होत्या. मला वाटलं, तो नाही म्हणणार. मी मनातून तशीच इच्छा करत होतो, कारण मला भीती वाटत होती. मग त्याने हात पुढे केला.

"दे."

पट्टा त्याला शेवटच्या भोकावर बसला. ज्या बोटांनी हजार वेळा केसाइतक्या फरकाचं माप पकडलं, ती बोटं एक बक्कल लावायला दोनदा चुकली. मी मदतीला हात पुढे केला तर त्याने मान हलवली.

आम्ही निघालो. पुढे मंगलताई, मधे इरफान, मागे मी. त्या प्रत्येक दारापाशी थांबत होत्या. "हे इरफानभाई. बीडचे. मास्तर होते कोकणात. चाकू त्यांनीच बनवलाय." एवढं साधं. कुणी "बरं बरं" म्हणालं, कुणी नुसतं बघत राहिलं. एका म्हाताऱ्याने दार ओढून घेतलं. इरफान त्या बंद दारासमोरही क्षणभर थांबला, "येतो बाबा," म्हणाला आणि पुढे चालू लागला. एका घरासमोर तीन बायका ज्वारीच्या पेरणीचं बोलत उभ्या होत्या. त्यातल्या एकीने चाकू बघून लगेच आतून दोन विळे आणले.

"मास्तर, ह्यांना जरा धार लावून देता का? लई बोथट झालेत."

इरफानने विळे हातात घेतले, दाते बघितले. तो बसून दिवसभर धार लावत राहील, अशी मला खात्री होती. त्याचा स्वभावच तसा. पण त्याने विळे परत दिले.

"आज न्हाई मावशी. आज मी कामाला आलेलो न्हाई. फिरायला आलोय."

ती बाई खळखळून हसली. "बगा बया! रिटायर झाले तरी साहेबच!" बाकीच्याही हसल्या आणि इरफानही हसला. कालपासूनचं त्याचं पहिलं हसणं. तिने आत जाऊन दोन सीताफळं आणली आणि त्याच्या हातात कोंबली.

पारावर संदीप बसला होता, अजून तीन-चार जण. आम्हाला बघताच तो उठून जायला निघाला. इरफान त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"संदीप ना तुझं नाव?"

"व्हय काका. काढून टाकला तो व्हिडिओ. रातीच काढला."

"तुझ्या मोबाइलमधून काढलास. ज्यांना पाठवला त्यांच्याकडून कसा काढशील?"

संदीप पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"तू विचारलंस ते चूक न्हाई," इरफान म्हणाला. "देवळापाशी अनोळखी माणूस चाकू घेऊन बसला तर विचारावंच. पर उत्तर आल्यावर ते पण पाठवायचं असतं. आता काढ मोबाइल. बोलतो मी."

संदीपने मंगलताईंकडे पाहिलं, मग मोबाइल काढला. इरफान ताठ उभा राहिला, जसा तो नव्या तुकडीसमोर पहिल्या दिवशी उभा राहायचा. त्याने पूर्ण नाव सांगितलं, बीडमधली गल्ली सांगितली. म्हणाला, "हा चाकू मी माझ्या मित्रासाठी बनवला. आम्ही डोंगर बघायला आलोय. रस्त्यात भेटलो तर रामराम करा, चहा पाजा, चाकू बघायचा असंल तर दाखवतो." मग जरा थांबून म्हणाला, "आन् माझी बहीण हे बघत असंल तर, आपा, मी जेवलोय."

संदीपने समोरच व्हिडिओ पाठवला, त्याच ग्रुपवर. मग हळूच विचारलं, "काका, बघू का चाकू?"

इरफानने म्यानातून काढून मूठ त्याच्याकडे केली. संदीपने पातं उन्हात फिरवलं. "हे खरंच कमानपट्ट्याचं हाय? आमच्या जुन्या ट्रॅक्टर ट्रॉलीचा पट्टा पडलाय घरी."

"मग ठेव जपून. विकू नकोस भंगारात."

डांबरी रस्त्यापर्यंत मंगलताई सोबत आल्या. एसटी येताना दिसली तेव्हा इरफान त्यांना म्हणाला, "ताई, तुमचं काय झालं असतं, गाव उलटलं असतं तर?"

"माझं?" त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "मला हितंच ऱ्हायचं हाय दादा. म्हणून तर आले संग." आणि कापूस वेचायचा राहिलाय म्हणून त्या आमची गाडी सुटायच्या आधीच माघारी वळल्या.

एसटीत बसलो, इरफानने दोन्ही तिकिटं धारूरचीच काढली, तेवढ्यात आपाचा फोन आला. यावेळी ती ओरडत नव्हती. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. मी विचारल्यावर इरफानने सांगितलं, "म्हणते, शर्ट तरी इस्त्री करून घालायचास."

धारूर

धारूरचा किल्ला डोंगराच्या अगदी टोकावर आहे. एका बाजूला गाव आणि बाकी तीन बाजूंना खोल दऱ्या. बाजारातून चालत गेलं की अचानक दरवाजा समोर येतो. आमचे जलदुर्ग समुद्राच्या भरतीओहोटीला टेकलेले, इथे पाणी साठवायला आत मोठमोठे हौद. पडके बुरूज, त्यांच्यावर उगवलेली सीताफळं, आणि तटावरून दिसणारा बालाघाट. माळामागे माळ, निळसर होत होत आभाळात मिसळलेले. इरफान तटावर उभा राहून मला एकेक डोंगर दाखवत होता. नावं त्याला निम्मीच आठवत होती, उरलेली त्याने बहुधा तिथल्या तिथे पाडली. चाकू त्याच्या कमरेलाच होता. मी मागितला नाही आणि त्यानेही काढून दिला नाही.

हौदाच्या काठावर सावलीत एक कुटुंब सहलीला आलं होतं. माजलगावकडचं. म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून आणि नातवंडं. मोठी पिकलेली पपई आणली होती आणि कापायला काही आणायचं विसरले होते. मुलगा चमच्याने पपई भोसकत होता, सून त्याला ओरडत होती. आम्ही बाजूने चाललो होतो.

"ओ भाऊ," आजीने हाक मारली. "ते कमरंचं द्या की जरा."

इरफान थबकला. मग त्याने चाकू काढला, रुमालाने पुसला आणि मूठ पुढे करून दिला. आजीने पपईच्या लांबट फोडी केल्या, बिया निपटून काढल्या, आणि पहिली फोड इरफानला, दुसरी मला दिली. पपई गोड होती, उन्हाने थोडी कोमट झालेली. आम्ही तिथेच बसलो. कुठून आला, कुठं निघाला, पाय दुखत नाहीत का, अशा गप्पा झाल्या. मुलगा त्याच्या गाडीच्या क्लचबद्दल विचारत होता आणि इरफान हातवारे करून समजावत होता.

"तुमचं नाव काय म्हणलं?" आजीने मध्येच विचारलं.

मी खाताखाता थांबलो. इरफानने आजीकडे बघितलं आणि सांगितलं, "इरफान."

आजीने चाकू पुन्हा उचलला, उरलेल्या पपईचा मोठा तुकडा कापला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या इरफानभाऊ, ही फोड लई गोड हाय."